एम, एच, बी, क्यू

भाऊसाहेब कुणाला 'या, बसा' म्हणत नसत. दारात चपला काढेपर्यंत तीन-चार इंग्रजी अक्षरं अंगावर टाकत. ती सगळी अक्षरं ज्यात येतात असा लांबातला लांब इंग्रजी शब्द सांगायचा, मग पाणी मिळायचं. अमरावतीच्या मे महिन्यातल्या उन्हात त्यांनी पोस्टमनलासुद्धा असं ताटकळत ठेवलेलं मी पाहिलं आहे. टी, बी आणि एक्स. तो बिचारा घाम पुसत 'लेटरबॉक्स' म्हणाला. भाऊसाहेब हसले. "तुयी पोच तेवढीच," म्हणाले.

हे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. निवृत्त झाले पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क म्हणून, पण तोरा कुलगुरूचा. एक जाडजूड डिक्शनरी मांडीवर मांजर घ्यावं तशी घेऊन बसायचे. "ज्याले अक्षरं जुळवता येत नाहीत, थो घर काय जुळवीन?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य, आणि आमच्या अख्ख्या कुळानं ते मान्य केलेलं. लोक पत्रिका बघतात. आमच्याकडे येणारी सून आणि होणारा जावई भाऊसाहेबांच्या अक्षरांतून चाळून घेत.

मीही त्याच चाळणीतून आले. भातकुलीची मी. परीक्षेची कुणकुण आधीच लागली होती, म्हणून महिनाभर भावाची डिक्शनरी चुलीपुढे उघडून बसले. भाकरी करपल्या. आई म्हणायची, "मॅडम होऊन राहिली का कोळसेवाली?" पाहायला आले तेव्हा भाऊसाहेबांनी सी, एच, एम, पी दिलं. मी डोळे मिटून 'चॅम्पियनशिप' म्हटलं. ते म्हणाले, "चालेल. माझ्याकडे 'कॉम्प्रिहेन्शन' होता. एक अक्षर जास्त." त्या 'चालेल'वर मी कित्येक वर्षं तरंगत होते. सुवर्णपदक काय मिरवेल कुणी! नवऱ्या मुलाकडे पाहायचंच राहिलं. त्याला टक्कल पडू लागलंय हे मला हळदीच्या दिवशी कळलं. आणि एवढं सगळं इंग्रजी डोक्यात घेऊन फिरणाऱ्या या माणसाची मान दुखत नसेल का, अशी खरोखरची काळजी मला वाटायची. बावळटपणाला काही सीमा?

आता माझ्या नातीची, रेणूची पाळी आली. भाऊसाहेबांनी तिची दोन स्थळं याच अक्षरांवर उडवली होती. त्यातला एक इंजिनिअर तर घाबरून पोहे तसेच टाकून गेला. त्या दोघांचं रेणूला काही नव्हतं. पण हा तिसरा तिनं स्वतः निवडलेला. अकोल्याचा नीलेश, फवारणीच्या पंपांचं दुकान, शिक्षण मराठी शाळेतलं. माझा मुलगा म्हणजे तिचा बाप, भाऊसाहेबांच्या शब्दाबाहेर नाही.

"आजी, या वेळी ते नाही म्हणाले तर मी पळून जाईन."

"जा की. पण आधी पोहे कर."

नीलेश आला. भाऊसाहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते. चार अक्षरं सुटली. नीलेशनं पोह्यांचा घास गिळला आणि म्हणाला, "नाई येत मले."

"विचार तर कर!"

"करून काय करू? येतच नाई." लिंबू पिळून त्यानं पुढचा घास घेतला. "आता तुमी सांगा मंग. एम, एच, बी, क्यू."

भाऊसाहेब गुडघ्यावर बोटानं काहीतरी लिहू लागले, पुसू लागले. दुसऱ्यानं दिलेल्या अक्षरांवर शब्द शोधताना मी त्यांना जन्मात पहिल्यांदा पाहत होते. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस सकाळी डिक्शनरीतून एक लांब शब्द काढायचा, त्यातलीच अक्षरं उपटून दिवसभर लोकांवर फेकायचा. ढेकळाखाली आंबा आपणच लपवायचा, आणि दुसऱ्याला सापडला नाही की त्याला आंधळा म्हणायचं! आणि मी याच्यासाठी भाकरी जाळल्या.

"सांगतो नंतर," असं पुटपुटत ते ऑटोत बसून गेले. हो नाही की नाही नाही.

स्वयंपाकघरात मी नीलेशला विचारलं, "कोणता शब्द होता रे?"

"कोनता शब्द, आजी? खिडकीतून माई गाडी दिसत होती. पाटी वाचली."

बाहेर त्याची पिकअप उभी होती. एम एच तीस, बी क्यू. मी तोंडात पदर कोंबला. रेणूचा मात्र चेहरा उतरला. "आजी, असा शब्दच नसला तर? चिडून नाहीच म्हणतील ते."

"नसू दे. शोधत तर बसू दे म्हाताऱ्याला."

तीन-चार दिवसांनी भाऊसाहेब स्वतःच आले. दाढी वाढलेली, दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला, काखेत डिक्शनरी. दारातूनच ओरडले, "बिक्वीदमेंट!"

"म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"मेल्यावर मानूस वारसाले जे देऊन जाते, थे." मग माझ्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा सोपा नाही. एवढा शब्द पोटात ठेवून पोहे खात होता! मले पत्ता लागू दिला नाही. देऊन टाक पोरगी."

आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात ते असं. मी बोलायला तोंड उघडलं, तर रेणूनं माझ्या पायावर पाय दिला.

लग्नात ते नवरदेवाच्या इंग्रजीची तारीफ करत पंगतीपंगतीतून फिरले. पुढच्याच हिवाळ्यात गेले. जाताना माझ्या मुलाला बजावून गेले होते, की डिक्शनरी अकोल्याच्या जावयालाच द्या, घरात दुसऱ्या कुणाची ती लायकी नाही. जन्मात स्वतः शोधलेला एकच शब्द, तेवढा मात्र खरा करून गेले.

परवा अकोल्याला गेले होते. नीलेशच्या दुकानात ज्या टेबलावर पंप उघडतात, त्याचा एक पाय आखूड आहे. त्या पायाखाली डिक्शनरी. मी वाकून बघतेय म्हटल्यावर पोरगा ओशाळला.

"आजी, काढू का?"

मी टेबलावर दोन्ही हात टेकून जोर दिला. जराही हललं नाही.

"चालेल," म्हटलं.