कपाटाच्या दारावरची यादी

आई गेल्यावर तिचं लोखंडी कपाट डोंबिवलीला माझ्याकडे आलं. परवा ते उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट कोपरीच्या आमच्या एका खोलीच्या घरात पोचले.

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. दुसऱ्या दिवशी मायक्रोप्रोसेसरची तोंडी परीक्षा होती आणि मी आईला मोठ्याने समजावत होते. प्रोग्रॅमला मेमरीतला खरा पत्ता माहीत नसतो. आपला विभाग आणि त्यातली कितवी जागा, एवढंच तो सांगतो. तो विभाग कुठे सुरू होतो, केवढा आहे, कोणाला मुभा आहे, हे प्रोसेसर एका तक्त्यात बघतो. हद्द ओलांडली की अडवतो.

आई घड्या घालत म्हणाली, "अगं, म्हणजे आपलं कपाटच की. उद्या मी कप्पे हलवले तरी तू 'माझी तिसरी घडी दे' असंच म्हणणार. मी यादी बदलली की झालं."

दाराच्या आत तिने यादी चिकटवली होती. कोणाचे कप्पे कुठून, किती, हात कोणी लावायचा. परीक्षेत तेच उदाहरण देऊन मी शाबासकी मिळवली.

यादी अजून तिथेच आहे. परवा पहिल्यांदाच नीट वाचली. बाबा, दादा, मी, काका. आईचं नाव कुठेच नाही. तिच्या साड्या खोलीच्या दारामागच्या खिळ्याला, पिशवीत असायच्या.