अनवाणी उपवासकाळ

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की माझी आई चपला सोडायची. धाड गावातल्या आमच्या पत्र्याच्या चर्चला अनवाणी जायची आणि घरी येऊन भगर खायची. ख्रिस्ती माणसाला भगर खा असं कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाआधी माहेरी नवरात्रात ती जे करायची, तेच तिनं देव बदलल्यावर जसंच्या तसं इकडे आणलं होतं. "प्रभूनं रानात भगर खाल्ली होती काय, माय?" असं मी चिडवायचे. "तुले काय कळते," म्हणत ती माझ्याही ताटात भगर वाढायची.

पाळक दर रविवारी एकच सांगायचे. तारण कमवायचं नसतं, ते कृपेनं फुकट मिळतं; आपल्या धडपडीनं काही होत नाही, फक्त विश्वास ठेवायचा. आई मन लावून ऐकायची आणि बाहेर पडल्यावर मला म्हणायची, "फुकटात कोनी काई देते काय, पोरी?" जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून तिनं मला आणि भावाला वाढवलं. फुकट या शब्दाचीच तिला धास्ती असावी.

तिला शुगर होती, पाय बधिर झाले होते. घरातसुद्धा चप्पल घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी चिखलीला शाळेत शिकवते. शनिवारी एसटीनं घरी यायचे ते तिच्याशी भांडायलाच. मागच्या उपवासकाळात तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि तिला कळलंही नाही. मी आले तेव्हा जखमेचा वास घरभर पसरला होता. बुलढाण्याला नेलं. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर ती पायासाठी रडली नाही. म्हणाली, "आता गुडघे कसे टेकू? देव माह्यं काऊन ऐकील?"

मी पाळकांना दवाखान्यात बोलावून घेतलं. ते तिच्या उशाशी बसले. "बाई, तुम्हाला काहीच करायचं नाही. प्रभूनं सगळं करून ठेवलं आहे."

"मंग मी काय करू, साहेब? नुसती पडून राहू?"

"हो, नुसत्या पडून राहा."

ते चुकीचं बोलले नव्हते. तरी मला त्यांचा संताप आला. पाय गेलेल्या बाईला असं सांगतात का? ते गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उपास अर्धवट राह्यला माहा. म्हनून पाय घेतला त्यानं."

मग मी हात धुऊन तिच्या मागे लागले. रजा काढली. शुभवर्तमान वाचून दाखवलं, समजावलं, रागावले, पाया पडले. विश्वासावर विसंबून राहा, हे तिला पटवण्यासाठी मी जिवाचं रान केलं. त्यातला विनोद तेव्हा मला दिसला नाही. जखम भरेना, विष वर चढत गेलं.

शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर तिनं हट्टच धरला, मला खाली उतरवा. भावानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. चादरीवर एक गुडघा टेकवून आणि थोट्या पायाखाली उशी देऊन तिला कशीबशी सरळ धरली. आता प्रार्थना करील असं वाटलं. तिनं मलाच विचारलं, "बरोबर टेकले काय मी?"

"हाव, माय."

"खरं सांग."

"खरंच, बरोबर."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता. त्याच दुपारी ती गेली, आणि भीतच गेली. मातीच्या वेळी सगळे म्हणाले, सुटली बिचारी. मला तसं काही दिसलं नव्हतं.

आता मी रोज हेच उगाळत असते. आधीपासून सुरुवात केली असती, न चिडवता, न रागावता नीट सांगितलं असतं, तर तिला पटलं असतं. परवा पाळकांजवळ हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "कोणाला विश्वास देणं तुमच्या हातात नव्हतं." ऐकून दिलासा वाटायला हवा होता. मला आईसारखीच भीती वाटली.