तात्यांना ड्रिल काही कळंना

आमच्या बावडा गावात कुणालाही जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की आधी रामहरी तात्यांना घेऊन जातात. तात्यांनी हयातभर ट्रॅक्टर चालवला आणि बिघडला तसा स्वतःच खोलला. त्यांची तऱ्हा ठरलेली आहे. वस्तू उचलून बघायची, कान लावून ऐकायची, जरा वास घ्यायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा, 'घ्या' नाहीतर 'सोडा'. त्यावर चर्चा नाही. पाण्याची मोटर असो की म्हैस, सगळ्यांना हाच कायदा. एका घरच्यांनी तर त्यांना जावई बघायला नेलं होतं. तात्यांनी मुलाच्या मोटारसायकलचा आवाज ऐकला आणि 'सोडा' म्हणाले. लोकांनी सोडला. त्या मुलाचं पुढं बारामतीत झकास चाललंय, पण हे तात्यांच्या तोंडावर कुणी बोलत नाही. मी बोलतो, म्हणून त्यांच्या घरी मला चहा उशिरा मिळतो.

अशा माणसाला शेजारच्या साखरबाईंनी कोड्यात टाकलं. साखरबाई घरी मसाले आणि लोणची करून विकतात. बरण्यांसाठी स्वयंपाकघरात भिंतभर फळी हवी होती. सुतार 'उद्या येतो' म्हणत राहिला आणि दिवाळी जाऊन संक्रांत आली. शेवटी बाईंनी मोबाईलवरून एक छोटं, बिनवायरीचं, बॅटरीवरचं ड्रिल मागवलं. भोकं आपणच पाडू म्हणाल्या. पसंत पडलं नाही तर शुक्रवारी माणूस ते परत न्यायला येणार होता. ठेवायचं की परत करायचं, हे त्यांनी तात्यांवर सोपवलं. आणखी दोन-चार घरं तसलंच ड्रिल मागवायला टपून बसली होती, पण तात्यांचा शब्द निघाल्याशिवाय कुणी बोट उचलेना. म्हणजे पणाला लागलं होतं ते तात्यांचं नाव.

तात्यांनी ड्रिल उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. दुधी भोपळ्याएवढं वजन. चांगलं यंत्र जड असतं, हा त्यांचा पहिला नियम. कळ दाबली तर ते गुरगुरलंही नाही, नुसतं हुंकारलं. वास घेतला तर नव्या चपलेचा. तात्या म्हणाले, जरा घरी नेऊन बघतो. झालं, बनाबाईंच्या घराला भोकं पडायला सुरुवात झाली. बनाबाई म्हणजे तात्यांची बायको.

विटांच्या भिंतीत ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं गेलं. तात्यांच्या ओठांवर 'घ्या' आलं होतं. मग त्यांनी खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यावर ते टेकवलं. तिथं नुसतं पीठ सांडलं, आत काही जाईना. 'सोडा'. मग दाराच्या फळीला लावलं, तर आरपार पलीकडं. बनाबाई म्हणाल्या, बरं झालं, आता कोण आलंय ते दार न उघडता दिसंल.

त्यानंतर तात्या स्क्रू पिळायला बसले. स्क्रू अर्ध्यावर गेला आणि ड्रिल कटकट करायला लागलं. मोटर फिरतेय, तोंड जागच्या जागी. तात्यांचा चेहरा उजळला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. क्लच घसरतोय! असले किती ट्रॅक्टर त्यांनी परत पाठवले होते. निकाल लागला, फक्त शिक्का मारायला म्हणून ते मला घेऊन इंदापूरला युवराजच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

युवराजनं ड्रिलच्या तोंडामागचं आकड्यांचं कडं फिरवून दाखवलं. आकडा लहान ठेवला की जोर वाढताच ते घसरतं, म्हणजे स्क्रूचं डोकं झिजत नाही आणि फळी फुटत नाही. भोक पाडायचं तर कडं ड्रिलच्या चित्रावर आणायचं, मग घसरत नाही. काँक्रीटला मोठं ड्रिल लागतं, हे घरकामाचं आहे.

"म्हंजे मुद्दाम घसरतं?" तात्यांनी विचारलं.

"मुद्दाम."

"मग बिघडलं तर कसं कळायचं?"

युवराजनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

परतीच्या एसटीत तात्या ते कडं फिरवत बसले होते. पुढच्या बाकावरच्या बाईंना ते पिस्तूल वाटलं असावं, त्या उठून ड्रायव्हरजवळ जाऊन बसल्या. तात्यांना कशाचं भान नव्हतं. घसरणं हा ज्याचा गुणच, त्याला नावं कशी ठेवायची? भिंतीत शूर, काँक्रीटपुढं भित्रं, दाराला डाकू. हे चांगलं म्हणायचं की वाईट? मला विचारलं. मी एकदा 'घ्या' म्हणालो, पुढच्या थांब्याला 'सोडा' म्हणालो. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

शुक्रवारी ड्रिल न्यायला माणूस आला. टपून बसलेली घरंही अंगणात जमली. साखरबाईंनी विचारलं, काय करायचं तात्या? तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"वैनी, खरं सांगतो. मला न्हाय कळलं."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी चेष्टा करणार होतो, पण बनाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी आकाशात ढग शोधू लागलो.

साखरबाईंनी जरा विचार केला. "मग ऱ्हाऊ द्या. मी ठिवते."

"का?"

"ट्रॅक्टर तुमी नुसता ऐकून सोडता. ह्याच्यामागं इतकं लागलासा, तरी सोडा म्हणता आलं न्हाय. म्हंजे हाय काहीतरी त्यात."

माणूस मोकळ्या हातानं गेला. साखरबाईंनी त्याच दुपारी स्टुलावर चढून फळी लावायला घेतली. तात्या खाली पाटावर बसले. ड्रिल कटकटलं की ते दचकून अर्धे उठायचे. साखरबाई मागं न बघताच म्हणायच्या, "बसा तात्या, त्ये घसरणारच हाय."

आता कुणी ड्रिलचं विचारायला आलं की तात्या साखरबाईंच्या घराकडं बोट दाखवतात. म्हशीचं खातं मात्र त्यांनी अजून सोडलेलं नाही.