शांत नव्हता सम्यक

डॉक्टरने सम्यकचे दोन्ही हात धरले आणि त्याला तपासणीच्या पलंगावरून हळूच वर ओढलं. धड वर आलं. डोकं मागेच राहिलं. लटकलं. तोंड उघडं पडलं. पाच महिन्यांचं पोर. माझा नातू.

"मान बघा याची," डॉक्टर म्हणाला. "आणि आज आणताय?"

माझी सून प्रणाली काही सांगायला पुढे झाली. तिच्याकडे न बघता त्याने टेबलावरचा कागद पाहिला. आडनाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"राहता कुठे?"

"जरीपटक्याच्या मागं, साहेब."

"वाटलंच. तुम्ही लोक मोर्चाला बरोबर वेळेवर पोचता. पोराला आणायला मात्र वेळ नसतो. नुसती जन्माला घालायची. आई शिकलेली आहे की नाही?"

प्रणाली बी.कॉम. आहे. तिने तोंड उघडलं, "सर, मी कधीपासून घरी सांगत होते..."

मी मध्ये पडलो. हात जोडले.

"हिचीच चूक हाय साहेब. हिचं लक्षच नाही पोराकडे."

हे मी बोललो. रामदासपेठेतल्या त्या थंडगार खोलीत, समोर खुर्ची रिकामी असताना उभा राहून बोललो. ते खोटं होतं. खोटं आहे हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. मला आणि तिला.

माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली. त्यानंतर तो कोणापुढे हात जोडून उभा राहिला नाही. उपाशी राहिला, पण वाकला नाही. मी त्याचा मुलगा.

आता सगळं सांगतो. आधीचं आणि नंतरचं.

सम्यक झाला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकच कौतुक होतं. पोरगं रडत नाही. पाळण्यात ठेवलं तसं पडून राहतं. हातपाय सैल सोडून, डोळे उघडे ठेवून वर बघत राहतं. माझा मुलगा राहुल पुण्याला नोकरीला. तो फोनवर रोज विचारायचा, त्रास देतो का. मी सांगायचो, नाव नको घेऊ, असं पोर मी पाहिलं नाही.

रविवारी वंदनेला मी त्याला विहारात घेऊन जायचो. आमचा वामन तिथे दारातच बसलेला असतो. बाजारातला माझा जुना जोडीदार.

"काहून गा, हे पोट्टं रडत नाही का?"

"रडत नाही. शांत आहे. बुद्धासारखं."

"मंग काय, मोठा झाला का भंतेच होते! तुह्या घरचा एक माणूस तरी सुधारला म्हणा."

सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी ते गल्लीभर वाटत फिरलो. नातू बुद्धासारखा शांत आहे. आमच्यासारख्या माणसाला याहून मोठं काय हवं होतं? आमच्या पोरांना शाळेपासून ऐकावं लागलं, दंगेखोर आहेत, आवाज करतात. आणि इथे एक पोर असं, की ज्याचा आवाजच नाही. मला ते मेहेरबानीसारखं वाटलं. दुसऱ्या कोणत्या घरात ही चूक झाली असती का, मला माहीत नाही. आमच्या घरात झाली.

प्रणाली मात्र सांगत होती. सम्यक तीन महिन्यांचा झाला तेव्हापासून.

"मामाजी, तो शांत नाही आहे. त्याच्या अंगात ताकदच नाही. बगलेत हात घालून उचलला का निसटून जाते माह्या हातातून. दूध ओढताना थकून जाते. शेजारच्या पोरीनं मान धरली, हा धरतच नाही."

"काही होत नाही वं. दुसऱ्याचे पोरं रातभर रडतात, तं तुले ते चांगलं वाटते का?"

"डॉक्टरले दाखवू एकदा."

"मोबाइल पाहून पाहून बिमारी शोधून राहिली तू."

असं म्हणून मी तिला गप्प केलं. एकदा नाही. पुन्हा पुन्हा. तिने राहुलला सांगितलं, राहुलने मला विचारलं, मी म्हणालो तिला काम नाही. विषय संपला.

आणि आता जे लिहितो ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मला कळलं होतं.

मी उभी जिंदगी कळमन्याच्या बाजारात हमाली केली. घट्ट भरलेलं पोतं पाठीवर बसतं. एकदा बसलं की हलत नाही. ढिलं भरलेलं पोतं मात्र वजनाने कमी असून जड लागतं, कारण ते स्वतःला धरत नाही. जिकडे उतार तिकडे घसरतं. हाताला हे सांगावं लागत नाही. सम्यकला एकदा मी खांद्याशी घेतलं आणि माझ्या हातांना तेच लागलं. पोर स्वतःला धरत नव्हतं. मी त्याला पटकन पाळण्यात ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो. कारण तोवर मी सगळ्या वस्तीला सांगून बसलो होतो. बुद्धासारखा. ते शब्द परत कसे घ्यायचे?

शेवटी प्रणालीच रडली, भांडली, आणि मग आम्ही रामदासपेठेला गेलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

परत येताना ऑटोत ती सम्यकच्या मानेखाली हात धरून बाहेर बघत होती. मी गल्लीत उतरलो आणि बोलत सुटलो. डॉक्टर म्हणे आईचं लक्ष नाही. आजकालच्या पोरी. राहुलला फोन केला, त्यालाही हेच. तो तिकडून तिच्यावर ओरडला. बायकांनी तिच्या दुधाला नाव ठेवलं, हाताला नाव ठेवलं. एक म्हणाली, न्हाऊ घालताना हिनेच मान लचकवली असेल. मी ऐकत होतो. नाही म्हणालो नाही.

त्यावर कळस असा, की मी पोर तिच्या हातातून काढून घेतलं. मानेला धक्का लागेल म्हणून कोणी उचलायचं नाही, असं फर्मान काढलं. मऊ गादीवर त्याला दिवसभर उताणं निजवून ठेवलं. मला वाटलं मी त्याला जपतो आहे.

प्रणाली म्हणाली, "डॉक्टरनं जागा असताना पोटावर ठेवाले सांगितलं. समोर बसून. व्यायाम शिकून घ्याले सांगितलं, रक्त तपासाले सांगितलं. तुमी होते ना तिथं."

मी होतो. पण मी ऐकलंच नव्हतं. त्याने ते सगळं सांगितलं होतं, भरभर, पण सांगितलं होतं. माझ्या कानात फक्त 'तुम्ही लोक' भरलं होतं. अपमान एवढा मोठा झाला की नातवाची मान त्यात दिसेनाशी झाली.

एका दुपारी ती सम्यकला घेऊन निघाली. पिशवी भरलेली. मी दारात उभा राहिलो.

"कुठी चालली?"

"दवाखान्यात."

"पोर ठेव. तुह्या हातानं झालं हे. डॉक्टरच बोलला."

ती थांबली. आवाज चढवला नाही.

"डॉक्टर मले नाही बोलला, मामाजी. तुमाले बोलला. 'तुम्ही लोक' म्हणाला तो. तुमी ते उचललं अन् माह्या अंगावर टाकलं."

मी दाराची चौकट धरली.

"तुमाले त्याच्यापुढं बोलता नाही आलं. माह्यापुढं बोलता येते."

मी दारातून बाजूला झालो. बाजूला झालो म्हणजे पाय सरकले. बाजारात आम्ही एकाच्या पाठीवरचं पोतं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचो. मी घरात तेच केलं होतं. वरून आलेलं ओझं, हाताशी जी सगळ्यात कमजोर पाठ होती तिच्यावर. आमच्यावर हजार वर्षं ज्यांनी हे केलं त्यांच्यात आणि माझ्यात त्या क्षणी काय फरक होता? मी शोधला. सापडला नाही.

चप्पल घातली आणि तिच्या मागे गेलो.

"त्याच डॉक्टरकडे कशाले?" मी ऑटोत विचारलं.

"त्याचं तोंड खराब आहे. तपासणी बरोबर होती."

डॉक्टरने आम्हाला पाहिलं. "आता उगवलात? तपासण्या केल्या नाहीत, व्यायाम नाही. काय म्हणावं तुम्हा लोकांना. या आईला काही..."

मी खुर्ची ओढली आणि बसलो.

"साहेब, उशीर मी केला. हिनं नाही. ही पहिल्यापासून सांगत होती. मी अडवलं. मागच्या वेळी तुमच्यापुढं मी खोटं बोललो."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"अन् 'तुम्ही लोक' म्हणू नका. मी एक माणूस चुकलो. माह्या चुकीत माही वस्ती घालू नका."

"मी तसं काही म्हटलेलं नाही."

"म्हटलं साहेब. मी ऐकलं, अन् हात जोडले. आज नाही जोडत. आता पोराचं काय करायचं ते सांगा. हिले सांगा. हिच्याकडे पाहून सांगा."

माफी त्याने मागितली नाही. पण मान वळवली आणि प्रणालीकडे पाहून बोलला. सैलपणाची कारणं अनेक असतात. मेंदू, नसा, स्नायू, रक्तातलं काही, कुठेही असू शकतं. कधी कारण सापडतं, कधी सापडत नाही. आईच्या हाताने किंवा दुधाने हे होत नाही. तपासण्या व्हायच्याच, आणि व्यायाम आजपासून.

मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"आधी आणायला हवं होतं," तो म्हणाला. "किती फरक पडला असता, ते कोणीच सांगू शकत नाही."

ते वाक्य माझ्याजवळ आहे. ते मला कोणाकडे ढकलता येत नाही.

रविवारी विहारात वंदना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं, उशीर मी केला आणि दोष प्रणालीवर टाकला. वामन मध्येच म्हणाला, "जाऊ दे ना गा, घरातली गोष्ट कशाले सांगतं?" मी म्हणालो, "दोष दिला तेव्हा गल्लीत दिला होता. तेव्हा घरातली नव्हती." बायका खाली बघत बसल्या. एकीने प्रणालीच्या हाताला हात लावला. प्रणालीने हात काढून घेतला. तिचा अधिकार आहे.

राहुललाही सांगितलं. त्याच्या आणि तिच्यामध्ये जे फाटलं ते अजून शिवलं गेलेलं नाही. ते माझ्या शिवण्याने शिवलं जाणारही नाही.

सम्यक आता आठ महिन्यांचा आहे. पोटावर ठेवला की डोकं उचलतो, ते थरथरतं, मग गालावर पडतो. मग रडतो. खरंच रडतो, बारीक आवाजात. बसत नाही. बसेल का, चालेल का, विचारू नका. काही तपासण्यांचे निकाल यायचे आहेत. प्रणाली माझ्याशी कामापुरतं बोलते. व्यायामाच्या वेळी मला समोर बसवते, कारण पोर माझ्या आवाजाकडे बघतं. त्यापलीकडे तिने मला काही दिलेलं नाही, आणि मी मागितलेलं नाही.

उद्या निकाल काहीही येवो. तिच्या पोटाला, दुधाला, हाताला, मागच्या जन्माला कोणी नाव ठेवलं तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. तो दवाखान्यातला असो, विहारातला असो, माझ्या रक्ताचा असो. पोराला हे काहून झालं, असं विचारलं तर सांगेन: माहीत नाही. आणि उशीर कोणामुळे झाला, असं विचारलं तर तेही सांगेन. नावानिशी. माझं नाव.