बुजवलेला नळ

बाथरूममधला खालचा नळ मीच बुजवायला सांगितला. बायको म्हणालीही होती, "अहो, तो असू द्या, आई तिथं बसतात." पण मी नुकताच दुर्गदबैलाच्या बाजारातल्या एका दुकानात चकचकीत शॉवर बघून आलो होतो, आणि अशा वेळी माझ्या कानांत काही शिरत नाही.

आमच्या विद्यानगरच्या घरात तो नळ जमिनीपासून हातभर उंचीवर होता. आई पाटावर बसायची. उजव्या हाताशी नळ, पुढ्यात बादली. गुडघे धरलेले, त्यामुळं एकदा बसली की आंघोळ संपेपर्यंत उठायची नाही. हवं तेवढं पाणी बसल्या जागी घ्यायची. आणि आंघोळीला कुणाचा हात लागू द्यायची नाही, हा तिचा बाणा. काम निघालं तेव्हा धुळीचा त्रास नको म्हणून ती बेळगावला माझ्या बहिणीकडं गेली, आणि मला रान मोकळं झालं.

प्लंबर कशालाही कानडीत "आयतु, सर" म्हणायचा, म्हणजे झालंच समजा. शॉवर इथं? आयतु. नळ छातीच्या उंचीवर? आयतु. खालचा बंद करून वरून टाइल? आयतु. इतकं ऐकून घेणारं माणूस मला घरात कधी भेटलं नव्हतं, त्यामुळं मी सांगतच गेलो.

आई परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली भरून पाटापुढं ठेवली आणि फार मोठं काम केल्यासारखा बाहेर पेपर उघडून बसलो. थोड्या वेळानं बादलीच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात सुनेला हाक. अंगाला साबण, बादली रिकामी, नळ बसलेल्या आईच्या डोक्याच्याही वर.

ती बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आई, शॉवर आहे की. नुसतं फिरवायचं."

"ते फिरवायला उभं कोण राहणार? तू?"

मग बायकोकडं वळून शांतपणे म्हणाली, "माझी पिशवी उघडली नाही ते बरंच झालं. रविवारी मला बेळगावच्या बसमध्ये बसवून दे. लेकीकडं नळ खाली आहे."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडलेली आई संध्याकाळपर्यंत निवळते. ही निवळलेलीच होती.

प्लंबरला बोलावलं. आतला पाइप काढलेला नव्हता, तोंडाला नुसतं बूच मारलं होतं. पण ते कुठल्या टाइलमागं, हे त्याला आठवेना. मी ऐटीत मोबाइल काढला, कारण कामाचे फोटो मी काढले होते. सगळे शॉवरचे निघाले. एकात शॉवरखाली मी उभा होतो, कोरडा, हसत.

"मग काय, सगळी भिंत फोडायची?" मी विचारलं.

"आयतु, सर," म्हणून त्यानं हातोडी उचलली.

तेवढ्यात आई दारात आली. "थांब रे. माझा पाट मांडा." पाट मांडला. ती सावकाश बसली, नेसत्या लुगड्यानिशी, कोरड्या फरशीवर. पुढं बादली आहे असं समजून जरा वाकली आणि न बघता उजवा हात भिंतीकडं नेला. तळवा एका टाइलवर टेकला.

"इथं."

तिला उठवून बाजूला बसवलं आणि प्लंबरनं तेवढीच टाइल फोडली. मागं बूच. ते ढिलं केल्याबरोबर पाण्याची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर आली. मी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिलो. हसू आवरत नव्हतं.

नळ त्याच दिवशी लागला. उरलेल्या टाइल्स मी हुशारीनं दुकानात परत दिल्या होत्या, त्यामुळं पांढऱ्या भिंतीत नळाभोवती एक हिरवी टाइल आली. येणारेजाणारे विचारतात. मी डिझाइन आहे म्हणून सांगतो.

दुसऱ्या सकाळी दार बंद, आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज, मधेच बंद, पुन्हा सुरू. कुणाला हाक नाही. मी पेपर हातात धरून तो आवाजच ऐकत होतो. आई केस पुसत बाहेर आली, पिशवी उघडून लुगडी कपाटात लावली आणि जाता जाता म्हणाली,

"पुढच्या वेळी बाथरूमचं काम काढलं की मी इथं राहते. बेळगावला तू जा."