लाटण्याला बांधलेली बाटली

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, आणि आता तर उजव्या हातात पेनही नीट बसत नाही. हे कोणाला दाखवायचं नाही. मनातलं तोंडानं बोलायला जमत नाही म्हणून लिहिते.

मी लांब रोट्या करते. सैल कणीक परातीत आपटून आपटून तिंबायची, तिचा गोळा हातांवर घ्यायचा आणि मनगटं फिरवत, या हातावरून त्या हातावर टाकत, कोपरापर्यंत लांबवायचा. मग चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद पसरायचा. बघणाऱ्यांना तो बोटांचा खेळ वाटतो. पण तळवा झटकन वर आणि झटकन खाली झाला नाही, तर रोटी हातावरच फाटते.

शहराच्या कडेला, बेसा भागातल्या एका लॉनवर लग्नाचा स्वयंपाक होता. तिथे ओल्या फरशीवर मी घसरले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. आम्हा बायकांना कामावर नेणाऱ्या ताईंनी घरभाड्यापुरती उचल दिली. म्हणाल्या, "हात बरा झाला का रोट्या टाकून फेडजो." मला ते बरं वाटलं. दुसरं काही मला येतही नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा तो हात माझा वाटेना. तळवा वरच होत नव्हता. भाजीवाला सुटे पैसे द्यायचा आणि नाणी हातावरून घरंगळून खाली पडायची.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काम काय करता?" मागे रांग होती, सगळे ऐकत होते. मी खाली बघून म्हटलं, "काही नाही, घरीच असते." त्यांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. मी दाबत राहिले, भाजी शिजेपर्यंत, सिरियल संपेपर्यंत. मूठ अशी घट्ट झाली की नवरा म्हणाला, "आता मलेच ठोसा मारतं का वं?" तळवा मात्र होता तिथेच.

ताईंनी मडक्यापाशी बसवून पाहिलं. पहिलीच रोटी मधोमध फाटली, अर्धी विस्तवात गेली. धूर झाला. ताई म्हणाल्या, "अवं, चेंडू दाबून रोटी होते काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसून कुठे जाणार होते? त्या दिवसापासून मला कणीक तिंबायला लावलं. त्याची मजुरी कमी, त्यातून उचल कापणार, म्हणजे ती कधी फिटायची!

मग पुन्हा दवाखान्यात गेले आणि लांब रोट्या करते हे मान खाली घालूनच सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "बाई, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना! मूठ आवळणं वेगळं, मनगट फिरवणं वेगळं." त्यांनी हातोडा आणून दाखवलं. दांड्याच्या टोकाला धरायचा, कोपर बरगडीला चिकटवायचं, हातोडा सावकाश बाहेरच्या बाजूला आडवा होऊ द्यायचा आणि फक्त मनगटानं उभा करायचा. मग तसंच आतल्या बाजूला. जड गेला तर वर, लोखंडाजवळ धरायचा. जमायला लागलं की हात दांड्यावर खाली सरकवत न्यायचा. परत येताना मी सदर भागातल्या बसस्टॉपवर रडले. एक वाक्य बोलले असते तर इतके महिने गेले नसते.

नवरा गवंडी आहे. त्याचा हातोडा दिवसभर त्याच्याजवळ. म्हणून म्हटलं, असंच काही करून द्या, पण वजन हळूहळू वाढवता आलं पाहिजे. त्यानं रंगाचा रिकामा डबा घेतला, त्यात दांडा उभा केला आणि वरपर्यंत सिमेंट ओतलं.

"हे काय केलं जी?"

"पक्कं केलं. दहा वर्षं हालत नाही."

"हातानंही हालून नाही राहिलं!"

"मग कालपासून पाहून राहिली, सांगतलं काहून नाही?"

सांगितलं होतं. पण माझं बोलणं घरातही कोणाच्या कानात जात नाही. तो डबा अजून दाराला अडसर म्हणून ठेवला आहे.

शेवटी मीच केलं. पाण्याच्या छोट्या बाटलीत रेती भरली आणि जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी ती लाटण्याच्या टोकाला करकचून बांधली. रेती कमीजास्त करता येते. पण हात लबाड असतो. मनगट दमलं की खांदा उचलून काम करतो, आणि मला वाटायचं जमलं. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे खांद्यानं केलं तुम्ही." त्यांनी काखेत टॉवेल धरायला सांगितला. कोपर सुटलं की टॉवेल खाली. तो सारखा पडायचा. नवरा म्हणे, "टॉवेल उचलाचाच व्यायाम होऊन राहिला तुया." एकदा मी ते लाटणं भिंतीवर फेकलं. बाटली फुटली आणि सगळी रेती मलाच झाडावी लागली.

हळूहळू तळवा वर यायला लागला. पूर्ण नाही. शेवटचा थोडासा राहतोच. मॅडम म्हणाल्या, ताकद अजून वाढेल, पण फिरणं बहुतेक इतकंच. मला हे ऐकायचं नव्हतं.

आता मी पुन्हा मडक्यापाशी बसते. रोटी फाटत नाही, पण कोपरापर्यंत पोचायच्या आत थांबते. ताईंनी ती उचलून बायकांना दाखवली, "लोकं हिले लांब रोटी म्हणते वं, हे तं मधलीच झाली!" माझ्याकडे कडेचं मडकं दिलं आहे, वाढप्यांच्या आणि मांडववाल्यांच्या जेवणाचं. पाहुण्यांचं मडकं दुसऱ्या बाईकडे गेलं. मजुरी रोटीची मिळते, तिंबण्यापेक्षा बरी. ताई त्यातून उचलीचे पैसे कापत गेल्या.

गेल्या आठवड्यात मी उचलीचे राहिलेले पैसे त्यांना कापू दिले नाहीत, घरी नेऊन दिले. ताई दारात तांदूळ निवडत होत्या.

"इतकी काय घाई होती? पुढच्या लग्नात कापले असते."

"नाही जी, घेऊनच टाका."

पाहुण्यांचं मडकं मला परत कधी देता, एवढंच विचारायला मी गेले होते. वाटेत दहादा घोकलं होतं. त्यांनी पैसे पदराच्या टोकाला बांधले, "फिटलं सारं, आता तुयावर काही नाही," म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मडक्याचं विचारणं राहूनच गेलं. पैसे मात्र पूर्ण देऊन आले.