क्रमांक तीनची नाव

इंदूरला आमच्या स्नेहलतागंजच्या घरात काहीही हवं असलं की लेखी अर्ज द्यावा लागे. गंमत नाही सांगत. वडिलांनी, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, संस्थानच्या दफ्तरात अख्खी हयात घालवली होती. संस्थान जाऊन मध्यभारत आलं, नाना पेन्शनीत निघाले आणि दफ्तर घरी आलं. आईला नवी परात हवी असली तरी अर्ज. नाना चष्मा पुसून तो वाचत आणि समासात लाल शाईने हुकूम लिहीत. थोरला भाऊ मध्यभारत सरकारात कारकून, सहा महिने ग्वाल्हेर नि सहा महिने इंदूर. तोही घरी आला की मुकाट्याने अर्ज लिही.

मी सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि मला नाव बांधायची होती. वल्ह्यांनी चालेल, वारा असला तर शिडावर चालेल, आणि मला एकटीला हाकता येईल अशी. कशाला, असं अख्ख्या गल्लीने विचारलं. कशाला काय! सिरपूरचा तलाव होता, मला दोन हात होते. पोरींना मी नकाशावर समुद्र दाखवायची आणि स्वतः घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते, याची मला चीड यायची.

तर मी शहाणीने काय केलं? अर्ज केला. त्या घरात वाढलेलं माणूस दुसरं काय करणार. लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकातून तीन नावांची चित्रं उतरवली आणि त्यांना नंबर घातले. एक नंबरची रुंद, सपाट बुडाची, चौघांची, फक्त वल्ह्यांची. दोन नंबरची दोघांची, छोट्या शिडाची. तीन नंबरची अरुंद, पुढे निमुळती, एक डोलकाठी आणि बसायला एकच फळी. पहिल्या दोन मी निव्वळ प्रस्ताव भरगच्च दिसावा म्हणून काढल्या होत्या. मला तिसरीच हवी होती.

तिसऱ्या दिवशी कागद परत आला. "क्रमांक एक मंजूर. शिडाची आवश्यकता दिसत नाही. सोबत भाऊ असावा व वल्ही त्याने मारावीत."

म्हणजे नाव माझी, पगार माझा, आणि मी मधे छत्री धरून बसायचं. डोक्यात तिडीक गेली. तशीच स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हटलं, "मी तीन नंबरची बांधते आहे."

आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मग पुन्हा एक अर्ज दे ना."

"नाही देणार. आता कधीच नाही देणार."

सुतार मिळाला तो टांगे बनवणारा. चित्र उलटसुलट करून म्हणाला, "बाईजी, नाव तो मैंने कभी बनाई नी." मी म्हटलं, "मैंने भी नी बनाई, भिया." मग लागलो कामाला. टांग्याच्या दांड्या तो वाफेवर वाकवायचा, तशाच नावेच्या फासळ्या वाकवल्या. फटींत कापूस ठासला, वरून डांबर. शीड गिरणीच्या मांजरपाटाचं, ते मीच शिवलं, बोटं सुजली. बुडातून पाण्यात खाली सोडायची एक फळी असते. ती नसली तर बाजूच्या वाऱ्याने नाव खेकड्यासारखी आडवी सरकते. तिची खाच आम्ही दोनदा चुकवली. घरी नाना विचारत, "काय करून राहिली इतका वेळ?" मी म्हणे, "नाव बांधून राहिले." ते समजले, क्रमांक एक. मीही समजू दिलं.

भाद्रपदात तलाव तुडुंब भरला. एका रविवारी सकाळी बैलगाडीवर घालून सुताराने आणि मी नाव काठावर नेली. मागोमाग टांग्यातून नाना आणि भाऊ आले. नानांनी नावेभोवती एक फेरी मारली.

"ही क्रमांक एक नव्हे."

"नाही. तीन आहे."

"मंजुरी एकची होती."

"हो. वाचली मी."

"मग भाऊ कुठे बसणार?"

"काठावर," मी म्हटलं. भाऊ हसला.

मी नाव लोटली. वल्ही मारत मधोमध गेले आणि शीड उघडलं. वारा भरला तशी नाव अशी कलंडली की अर्धी बादली पाणी आत. शिडाचा दोर सैल सोडला, पाणी उपसलं, दोर पुन्हा ओढला. आणि ती चालली. कुणी वल्हवत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, खरं सांगते. काठाकडे बघितलं तर नाना धोतरासकट गुडघाभर पाण्यात उभे. त्यांना पोहता येत नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. पण मी वळले नाही. पलीकडच्या काठापर्यंत गेले आणि मगच परतले.

नाव लागली तेव्हा ते तिथेच होते, गुडघ्यापर्यंत ओले. नावेच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी मला नेशील?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि तेही तोंडी.

"जागा एकाचीच आहे, नाना."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. चित्रात तसंच होतं." धोतराचा सोगा पिळला आणि टांग्यात जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. सुतार हळूच म्हणाला की बसायला दुसरी फळी तासाभरात बसवून देतो. मी नको म्हटलं.